हात खाली

छबूचं नाव मालनबाईनं दोनदा ठेवलं. एकदा बारशाला, चारचौघांसारखं. दुसऱ्यांदा पोर तीन वर्षांची झाल्यावर, तिला काहीच ऐकू येत नाही हे घरादाराला कळून चुकलं तेव्हा. छबूच्या हनुवटीवर तीळ होता. मालनबाईनं आपल्या हनुवटीला बोट लावलं आणि मग तेच बोट पोरीकडं वळवलं. पोरीनं थोडा वेळ आईकडं पाहिलं आणि स्वतःच्या हनुवटीला बोट लावून ती खदखदून हसली. ते तिचं नाव झालं.

मग घरातल्या सगळ्यांची नावं झाली. मिशीला पीळ दिला की बाप, सावळीराम. नाकाशी बोटांचा गोल धरला की नथवाली आत्या. दोन्ही मनगटं कानाशी वळवली की म्हैस. तळहातावर तळहात थापला की भाकर. गालाखाली हात घेऊन डोळे मिटायचे आणि पटकन उघडायचे, म्हणजे उद्या. हे त्या दोघींना कुणी शिकवलं नव्हतं. सिन्नर तालुक्यातल्या त्या गावात दुसरं बहिरं माणूस नव्हतं. लागेल तशी एकेक खूण होत गेली आणि दोघींची एक भाषाच तयार झाली. शेतात निंदायला बसल्या की मालनबाई आणि छबू वाकल्या वाकल्या एकमेकींना काहीबाही सांगत आणि मध्येच हसत सुटत. शेजारच्या वाफ्यातली बाई म्हणे, "मालन, पोर मुकी हाय का तू?"

मालनबाई हसून सोडून देई. पण रात्री तिला झोप लागत नसे. आपण मेल्यावर हिचं कोण ऐकणार, हा एकच घोर तिला होता.

सावळीराम सिन्नरच्या एमआयडीसीत रखवालदार होता. तिथल्या एका साहेबांनी त्याला नाशिकच्या शाळेचं सांगितलं. शाळेचं नाव लांबलचक होतं, पण लोक तिला मुक्यांची शाळा म्हणत. राहायची-जेवायची सोय होती, आणि तिथं मुक्यांना बोलायला शिकवत.

"बोलायला?" मालनबाईनं दोनदा विचारलं. "तोंडानं?"

"तोंडानं."

एक्क्याण्णवच्या जूनमध्ये तिघं नाशिकला गेले. छबू तेव्हा सात वर्षांची होती. शाळेत देवरे बाई म्हणून शिक्षिका होत्या. शिडशिडीत बांधा, कडक इस्त्रीची सुती साडी, आणि आवाज असा, की प्रत्येक अक्षर वेगळं ऐकू यावं. बाईंनी छबूला समोर बसवलं, तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं आणि विचारलं, "नाव काय तुझं?"

छबूनं आईकडं पाहिलं. आईनं मान हलवताच तिनं तिळावर बोट ठेवलं.

"नाव सांगती, बाई," मालनबाई कौतुकानं म्हणाली. "छबू. तिला समदं कळतं. आमी दोघी हातानं लय बोलतो. दाखवू का?"

देवरे बाईंनी छबूचा हात हनुवटीवरून काढला, तिच्या मांडीवर ठेवला आणि वरून दाबून धरला.

"हात खाली," त्या म्हणाल्या. मग मालनबाईकडं वळून शांतपणे बोलल्या, "आजपासून हे बंद."

"म्हंजे?"

"हातानं भागलं तर जीभ कशाला हलेल? तुम्ही हिला भाषा नाही दिली, कुबडी दिलीत. तुमच्या खुणा तुम्हाला कळतात. उद्या एसटीत कंडक्टरला कळतील? दवाखान्यात कळतील? हिच्या सासूला कळतील?"

मालनबाईनं पोरीकडं पाहिलं. रात्री डोळ्यांवरची झोप उडवणारा तोच प्रश्न ही बाई तिच्या तोंडावर विचारत होती.

"मी सटाण्याकडची," देवरे बाई जरा मऊ आवाजात म्हणाल्या. "घरी अहिराणी. डी.एड.ला आले तेव्हा तोंडातून 'आहे'च्या जागी 'शे' निघालं की अख्खा वर्ग हसायचा. वर्षभर आरशासमोर बसून जीभ सुधारली मी. त्रास झाला. पण आज माझ्यावर कोण हसतं? तुमच्या मुलीवर कुणी हसू नये असं वाटतं ना तुम्हाला?"

"वाटतं."

"मग घरीसुद्धा खुणा करायच्या नाहीत. घरी तर मुळीच नाही. एका आईनं दिवाळीत लाड केले की माझी सहा महिन्यांची मेहनत पाण्यात जाते."

जाताना त्यांनी आणखी एक सांगितलं. 'छ' तोंडाच्या आत होतो, ओठांवर दिसत नाही. मुलीला स्वतःचं नाव उच्चारायलाच दोन-तीन वर्षं जातील. म्हणून शाळेत तिला पमा म्हणायचं. सावळीरामला ते आवडलं नाही, पण त्यानं मान हलवली.

फाटकाशी आणखी एक आई आपल्या मुलीला सोडायला आली होती. विंचूरची कलाबाई. तिची संध्या छबूच्याच वयाची, आणि घरी थोरला मुलगा वाल्मीक, तोही बहिरा. कलाबाईलाही देवरे बाईंनी तेच सगळं ऐकवलं होतं. ती "हो बाई, हो बाई" म्हणून बाहेर आली होती आणि आता फाटकाबाहेर उभी राहून संध्याला दोन्ही हातांनी काहीतरी सांगत होती. संध्या रडता रडता हसत होती.

"अहो, आत्ताच सांगितलं ना बाईंनी," मालनबाई म्हणाली.

"सांगू द्या की," कलाबाई म्हणाली. "त्यांचं काम सांगायचं."

मालनबाईला ती बाई बेफिकीर वाटली. सीबीएसच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत उभी असताना ती नवऱ्याला म्हणाली, "काही लोकांना पोरांचं भलं कळतच नाय."

शाळेत शिकवायची रीत अशी होती. तोंडासमोर कागदाची पट्टी धरायची. पट्टी फडफडली की 'प'. 'म' म्हणताना बाईंच्या नाकावर बोट ठेवायचं, नाक थरथरतं ते बोटाला कळतं. 'क' साठी बाई चमच्याची दांडी जिभेवर मागे दाबत. मुलांना ओकारी येई, आणि ओकारीच्या आधी घशात जो आवाज होई त्याचाच 'क' करायचा. मुलांच्या छातीवर ऐकायच्या मशीनची डबी बांधलेली असे, तिच्या वायरी कानात. छबूला त्यातून शब्द कधी आला नाही, नुसतं काहीतरी आदळल्यासारखं होई. वर्गात हात मांडीखाली घेऊन बसायचं. हात वर आला की पट्टी. दुसऱ्यांदा आला की मुलीच्या वेणीची रिबीन सोडून तिचेच हात पाठीमागे बांधत, ते जेवणाच्या घंटेपर्यंत.

पमा, बाबा, मामा, तिन्ही शब्दांना ओठ सारखेच मिटतात. छबू बाईंच्या ओठांकडं टक लावून बसे आणि बाई दुसऱ्या कुणाला 'बाबा' म्हणायला शिकवत असल्या तरी उठून उभी राही. मुलं हसत. बाई तिला खाली बसवत. खऱ्या हाकेला ती मग उठत नसे, आणि त्याची पट्टी खाई.

देवरे बाई दुष्ट नव्हत्या. रविवारी सगळ्या शिक्षिका घरी जात तेव्हा त्या वसतिगृहात येऊन मुलींच्या उवा काढत. कुणाला ताप आला तर उशाशी बसत. त्यांनी लग्न केलं नव्हतं. आपल्या हातून एक तरी मूल जगासमोर नीट बोलावं, ही एकच आस त्यांनी धरली होती, आणि त्या आसेपुढं त्यांना मुलांच्या डोळ्यांतलं पाणी दिसत नसे.

पहिल्या दिवाळीला छबू घरी आली. दारातून पळत येऊन तिनं आईला मिठी मारली आणि दोन्ही हातांनी जे सुरू केलं ते थांबेचना. शाळा, रिबीन, चमचा, उंच बाई, रात्री रडणारी मुलगी, संध्या. मालनबाईला त्यातलं बरंच कळत होतं. रिबिनीचं तर लगेच कळलं.

तिनं पोरीचे दोन्ही हात धरले आणि खाली दाबले.

"बोल," ती तोंड मोठं उघडून म्हणाली. "तोंडानं."

छबूला वाटलं आई खेळतेय. ती हसली आणि तळहातावर तळहात थापला. भूक लागली होती. मालनबाईनं चुलीवरून भाकरी काढली, परातीत ठेवली आणि परात मांडीवर घेऊन बसली.

"भाकर म्हण."

छबूनं पुन्हा थापलं. मग आणखी जोरात. आईला आज दिसत नाहीये की काय, असं तिला वाटलं असावं. तिनं आईच्या तोंडासमोर हात नेऊन थापलं. मालनबाईनं आपले हात पदरात घट्ट गुंडाळून घेतले, कारण ते आपोआप उठत होते.

सावळीराम कामावरून आला तेव्हाही त्या तशाच बसलेल्या होत्या. भाकरी वाळून गेली होती.

"अगं, दे तिला," तो म्हणाला.

"बाई म्हणल्या, द्यायचं नाय."

"बाई काय आई हाय का तिची?"

"तिच्या भल्यासाठीच ना? उद्या आपण नसलो तर हिचे हात कोण वाचणार हाय? तुमी मधी पडू नका."

छबूनं बापाकडं बघून मिशी पिळली, पोट दाखवलं. सावळीरामनं मान फिरवली आणि तो ओट्यावर जाऊन बसला. दिवे लागणीला छबूनं तोंड उघडलं. आधी नुसती हवा आली. मग घशातून एक खरखरीत, फाटका आवाज निघाला, "बा-क."

मालनबाई रडायलाच लागली. आपल्या पोरीचा शब्द तिनं पहिल्यांदा ऐकला होता. भाकरीवर तूप घालून, गूळ कुस्करून तिनं स्वतःच्या हातानं घास भरवले. छबू मुकाट्यानं खात राहिली. आईच्या आनंदाचं कारण तिला कळलं नव्हतं. भाकरी कशानं मिळते एवढं कळलं होतं. त्या सुट्टीत तिनं आईशी हातानं बोलायचे आणखी दोन-चार प्रयत्न केले, आणि मग सोडून दिलं.

सुट्टी संपल्यावर देवरे बाईंनी प्रत्येक आईला विचारलं, घरी काय केलं. मालनबाईनं भाकरीचं सांगितलं. बाईंनी तिचा हात हातात घेतला. "अशा आया मिळाल्या तर मी काहीही करून दाखवीन," त्या म्हणाल्या. त्या कौतुकानं मालनबाईला भरून आलं, आणि भरल्या मनानं ती बोलून गेली, "ती संध्याची आई मात्र करती हो खुणा. आत्ता स्टँडवरबी करत व्हती."

त्या आठवड्यात संध्याचे हात रोज बांधले गेले. छबू तिच्या शेजारी बसून ते पाहत होती. कुणी सांगितलं हे मुलींना कसं कळलं कोण जाणे, पण कळलं. संध्यानं छबूशी बोलणं मात्र सोडलं नाही. वसतिगृहात दिवे मालवण्याआधी मुली पांघरुणाखालून हात बाहेर काढत आणि जे बोलायचं ते बोलून घेत. ही मुलींची स्वतःची भाषा होती, मोठ्या मुलींकडून लहान मुलींकडं आलेली, चपळ आणि नेमकी. छबू तिथंच खरी बोलायला शिकली. घरच्या खुणा त्या भाषेत विरून गेल्या.

चौथ्या वर्षी स्नेहसंमेलनात पाहुण्यांचं स्वागत करायला बाईंनी छबूची निवड केली. तिचा 'स' चांगला निघत होता. सहा-सात वाक्यं होती. बाईंनी ती दिवाळीपासून घोटून घेतली. त्यांचा अर्थ छबूला कुणी सांगितला नव्हता. कुठल्या वाक्याला जीभ कुठं लावायची ते तिला पाठ होतं.

मालनबाई नवं लुगडं नेसून आली होती. छबू स्टेजवर आली, हात शरीराला चिकटवलेले, दोन वेण्या, लाल रिबिनी. ती म्हणाली, "नमस्कार. माझे नाव पमा. आपणा सर्वांचे स्वागत असो." आवाज विहिरीतून यावा तसा होता, पण शब्द कळत होते. सभागृहात बायका डोळे पुसू लागल्या. मालनबाईला शेजारच्या अनोळखी बाईनं मिठी मारली. विंगेत देवरे बाई ओठांनी प्रत्येक शब्द तिच्याबरोबर म्हणत होत्या.

प्रमुख पाहुणे गहिवरले. ते उठून छबूजवळ आले, खाली वाकले आणि माइकमध्ये म्हणाले, "बाळ, मोठेपणी तुला कोण व्हायचंय?"

छबूनं त्यांच्या ओठांकडं पाहिलं. मिशांखाली ओठ दिसत नव्हते. शाळेत रोज सकाळी बाई एकेकीसमोर वाकून विचारत, "कशी आहेस?" आणि उत्तर द्यायचं असे. वाकून विचारलेल्या प्रश्नाचं एवढं एकच उत्तर तिला ठाऊक होतं.

"मी बरी आहे," ती म्हणाली.

आधी दोघं-तिघं हसले, मग सगळेच. वाईट हेतूनं नाही, गंमत वाटून. पाहुण्यांनी पुन्हा विचारलं, आणखी मोठ्यानं. "मी बरी आहे," छबू पुन्हा म्हणाली. हशा वाढला. छबूला हसणारी तोंडं दिसत होती, म्हणून तीही हसली. विंगेत देवरे बाईंचा चेहरा दगडासारखा झाला होता. डी.एड.च्या वर्गानंतर एवढा हशा त्यांनी कधी सोसला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी नियम कडक केला. पाणी, संडास, जेवण, काहीही हवं असेल तर शब्दात मागायचं. बोट दाखवलं तरी मिळणार नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी छबूच्या पोटात दुखायला लागलं. आधी बेंबीपाशी, मग उजवीकडं. तिला ओकारी झाली. वर्गात ती पोट धरून वाकून बसली. देवरे बाई तिच्यासमोर आल्या. संमेलनानंतर ही मुलगी सरावाला टाळाटाळ करते, असं त्यांचं मत झालं होतं.

त्यांनी तिचा हात पोटावरून काढला. "हात खाली. काय होतंय? बोलून सांग."

पोट या शब्दात 'ट' होता, आणि 'ट' अजून शिकवलेला नव्हता. दुखणं हा शब्द तिच्याकडं नव्हताच. छबूनं तोंड उघडलं, मिटलं. बाई वाकून वाट बघत होत्या.

"मी बरी आहे," छबू म्हणाली.

"मग सरळ बस."

शेजारून संध्या उठली. तिनं स्वतःच्या पोटावर मूठ ठेवून पिळली, तोंडापासून हात झटकून ओकारी दाखवली, छबूचं कपाळ दाखवून बोटं फुंकली. एवढं स्पष्ट, की कुणालाही कळावं. बाईंनी तिच्या बोटांवर पट्टी मारली. संध्यानं पुन्हा तेच केलं. बाईंनी पुन्हा मारली, आणि मग तिचे हात बांधले. हात बांधलेली संध्या घशातून ओरडत राहिली. तिच्या ओरडण्यात शब्द नव्हता, म्हणून बाईंनी तिला वर्गाबाहेर उभं केलं.

दिवसभर छबू तशीच होती. संध्याकाळी दुखणं एकदम थांबलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं, नाटकच होतं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या रांगेत ती कोसळली. अंग भट्टीसारखं तापलं होतं. रिक्षात घालून तिला सिव्हिलला नेलं. डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स फुटलंय, पोटभर पू झालाय. कालच का नाही आणलं?

"ती बरी आहे म्हणाली," देवरे बाई म्हणाल्या.

गावातल्या पतसंस्थेच्या फोनवर निरोप गेला. मालनबाई आणि सावळीराम पोचले तेव्हा ऑपरेशन होऊन गेलं होतं. छबू खाटेवर पडली होती, नाकात नळी, ओठ सुकलेले. देवरे बाई पायथ्याशी उभ्या होत्या. त्या सकाळपासून तिथून हलल्या नव्हत्या.

छबूनं डोळे उघडले. मालनबाईनं बाईंकडं पाहिलंसुद्धा नाही. चार वर्षांत पहिल्यांदा तिचे हात उठले. तिनं आपल्या हनुवटीला बोट लावलं, पोरीचं नाव घेतलं, मग पोट दाखवून भुवया वर केल्या. कुठं दुखतं, बाय माझी?

छबूची नजर आईच्या हातांवरून पायथ्याशी उभ्या असलेल्या बाईंकडं गेली. तिनं सुई टोचलेला हात हळूहळू चादरीखाली घेतला. मग दुसराही घेतला.

"मी बरी आहे," ती म्हणाली.

"ऐकलंत?" देवरे बाईंचे डोळे भरून आले. "एवढ्या दुखण्यातसुद्धा किती स्पष्ट बोलली."

मालनबाई बाईंवर धावून गेली. सावळीरामनं आणि वॉर्डातल्या मावशीनं तिला धरलं. ती काय बोलली ते कुणाला समजलं नाही, शब्द फुटतच नव्हते.

छबू वाचली. तिला घरी आणलं ते कायमचं. मालनबाईनं मग सगळं करून पाहिलं. म्हैस, भाकर, आत्याची नथ, उद्या. दिवसदिवस ती पोरीसमोर बसून हात हलवत राही. छबू थोडा वेळ बघे आणि डोळे मिटून घेई. ऐकणाऱ्या माणसावर ओरडता तरी येतं. छबूनं डोळे मिटले की बोलणंच संपे. लागेल तेवढं ती तोंडानं बोले, तेही शाळेतलं. आईला ती "घ्या", "बसा", "या" म्हणे, कारण बाईंनी मोठ्या माणसांशी तसंच बोलायला शिकवलं होतं. गावात कुणाचीच पोरं आईला "अहो-जाहो" करत नव्हती. मालनबाई आपल्याच घरात पाहुणी झाली.

वर्षभरानं कलाबाई संध्याला घेऊन भेटायला आली. दोघी मुली ओट्यावर बसल्या आणि त्यांचे हात सुरू झाले. सबंध दुपार छबूचे हात खाली आले नाहीत. ती हसत होती, नकला करत होती, मध्येच रागावत होती. मालनबाई दाराआड उभी राहून बघत होती. आपल्या पोरीकडं बोलायला एवढं आहे, हे तिला ठाऊक नव्हतं.

पुढं संध्याच्या भावाशी, वाल्मीकशी छबूचं लग्न झालं. वाल्मीकचं विंचूरला वेल्डिंगचं दुकान होतं. थोरल्याला खुणांनीच वाढवल्यावर कलाबाईनं शाळेचं सांगणं फारसं मनावर घेतलंच नव्हतं. तिच्या घरात पहिल्यापासून सगळे हातानं बोलत, आणि संध्यानं वसतिगृहातली भाषाही घरी आणली होती. कांदा मार्केटमधून दमून आली की ती सुनेला बाजारातल्या भांडणाची सगळी हकीकत हातांनी करून दाखवी आणि सून पोट धरून हसे.

मालनबाई महिन्या-दोन महिन्यांनी नाशिकला गाडी बदलून विंचूरला जाई. छबू तिला पाट देई, पाणी देई, जेवू घाली. काही कमी करत नसे. तोंडानं म्हणे, "बसा. पाणी घ्या. भाजी वाढू का?" मालनबाईनं एकदा तिथं खुणा करून पाहिल्या. वाल्मीक कौतुकानं बघत राहिला. त्याला त्या म्हाताऱ्या बाईच्या चुकीच्या, गावंढळ खुणांची गंमत वाटली. छबू उठून आत गेली.

दोन हजार सालानंतर कधीतरी, अशाच एका खेपेला, कलाबाईनं बातमी सांगितली. त्या शाळेत आता खुणांची भाषा शिकवायला पुण्याहून माणूस येतो. देवरे बाई मुख्याध्यापिका झाल्या होत्या. उद्घाटनाला त्यांनीच भाषण केलं.

मालनबाईनं बातमी ऐकून घेतली. अंगणात छबू कांद्याच्या पाती निवडत बसली होती.

"विहीणबाई," मालनबाई म्हणाली, "एक विचारा तिला."

"तुमीच विचारा की. समोर तर बसली."

"मला नाय येत तुमचं. विचारा, माझ्यावर राग हाय का अजून."

कलाबाई घुटमळली. मग तिनं छबूचं लक्ष वेधून घेतलं आणि विचारलं. छबूनं पात खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि बोलायला लागली. ती सावकाश बोलत होती, चेहऱ्यावर संताप वगैरे काही नव्हता. मालनबाई तिच्या बोटांवर नजर लावून बसली होती. एकही खूण तिच्या ओळखीची नव्हती.

छबू थांबली. कलाबाई जमिनीकडं बघत म्हणाली, "चहा घ्या म्हणती."

"एवढं बोलली, आन् नुसता चहा?"

"जाऊ द्या ना."

"सांगा, विहीणबाई. पाया पडते."

कलाबाईनं सुस्कारा सोडला. "म्हणती, बाईंचा मला राग नाय. बाईंना माझी भाषा येतच नव्हती, त्यांनी माझं ऐकलं नाय तर त्यांचा काय दोष? म्हणती, आईला येत व्हती."

छबू आत गेली आणि खरंच चहा घेऊन आली. कप खाली ठेवून, ओठ नीट उघडून तिनं प्रत्येक अक्षर वेगळं म्हटलं, "चहा घ्या."

मालनबाईनं चहा घेतला. सिन्नरची गाडी चुकू नये म्हणून ती लवकर निघाली. वाल्मीक तिला स्टँडपर्यंत सोडायला आला.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा गेली. छबूनं पाट दिला, ताट वाढलं आणि विचारलं, "भाजी वाढू का?"

"वाढ," मालनबाई म्हणाली.